टप कापण्याआधी कागद द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



आपल्या खात्याकडे गाडी येते ती व्यवहार पुरा झाल्यावर, पासिंगला. हे पत्र त्याआधीच्या काळाबद्दल आहे. गिऱ्हाइकाने पैसे भरलेले असतात, गाडी अजून त्याची झालेली नसते, आणि मध्येच काही कारणाने त्याला सौदा मोडावा लागतो. कंपनीतून येते तशीच गाडी असेल तर शोरूमवाला कुरकुरतो, थोडेफार कापून घेतो आणि मोकळा होतो. ती गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाते. पण टप कापून, मागे बाकडी चढवून, जंगलासाठी करून मागितलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी होते. असा सौदा मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचे, हे सांगणारा कागद आमच्या हातात आजवर कोणी ठेवलेला नाही. तो आपण ठेवावा, अशी विनंती आहे. पत्र खुले ठेवले आहे, कारण ते शोरूमवाल्यांनी आणि बॉडीवाल्यांनीही वाचायला हवे.

मोहर्ली म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे चंद्रपूरकडचे दार. दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी या वाटेने माणूस इथे येतो. गावाला लागून इरई धरणाचे पाणी आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, राज्यातले पहिले. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आज कोअर-बफर मिळून त्याचा पसारा सुमारे सव्वासतराशे चौरस किलोमीटर आहे. या जंगलात पर्यटकाला नेते ती उघडी गाडी. सहा पाहुणे, एक गाईड, एक ड्रायव्हर. इथल्या कित्येक घरांची चूल त्या गाडीवर पेटते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधले पर्यटन काही महिने थांबवले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि गेटवर किती गाड्या सोडायच्या याला वहनक्षमतेची मर्यादा पडली. त्यामुळे गेटच्या यादीतली जागा हीच इथली मोठी मालमत्ता आहे. गाडी वेळेवर आली नाही तर पाळी हुकते, आणि हुकलेल्या पाळीचे पैसे कोणी देत नाही.

आता करून मागितलेल्या गाडीचा प्रश्न आलाच कुठून, ते सांगतो. १९८५ साली मारुतीची जिप्सी बाजारात आली. तिचा एक प्रकार सॉफ्ट टॉपचा होता, म्हणजे टप लोखंडी नव्हे तर कॅनव्हासचा, आणि तसाच कंपनीतून यायचा. जंगलवाल्यांचे निम्मे काम तिथेच होऊन जायचे. कॅनव्हास काढा, मागच्या आडव्या सीटा बदलून पाहुण्यांची तोंडे पुढे करा, धरायला पाईप लावा, की गाडी तयार. पत्रा कापावा लागत नसे. हलकी गाडी, पेट्रोलचे इंजिन, फोर बाय फोर. आमच्या कच्च्या रस्त्यांवर ती इतकी रुळली की पर्यटक गाडी कुठलीही असो, तिला जिप्सीच म्हणतो. नवे सुरक्षा नियम आणि पुढे येऊ घातलेला भारत स्टेज ६ यांच्या तोंडावर कंपनीने ही गाडी बंद केली. २०१८ सरताना बुकिंग थांबले आणि २०१९ च्या सुरुवातीला सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सीचा विषय संपला.

नेमक्या त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या परिवहन अधिकाऱ्यांच्या प्रकरणात निकाल दिला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ न्यायालयाने सरळ लावला: उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. न्यायालयापुढे सफारीची गाडी नव्हती, हे खरे. पण परिणाम पाहा. कंपनीतून उघडी येणारी गाडी बंद झाली आणि बंद टपाची गाडी उघडी करण्यावर प्रश्नचिन्ह लागले, दोन्ही एकाच हंगामात. इथे कोणाला याची खबरही नव्हती. आम्ही त्या वेळी जुन्या जिप्सीला नवा रंग मारण्यात गुंतलो होतो.

जुन्या जिप्सी किती काळ चालणार? लिलावातल्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या, सुट्या भागांसाठी एकीचे दोन करून उभ्या केलेल्या, असे सगळे झाले. मग नव्या गाडीचा विचार आला. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली, सुरुवातीची किंमत एक्स-शोरूम पावणेतेरा लाखांच्या आसपास. इतरही फोर बाय फोर आहेत. पण यांपैकी बहुतेक पक्क्या टपाच्या, आणि ज्यांना कॅनव्हास मिळतो त्यांत सहा पाहुण्यांची सोय नाही. म्हणजे नवी कोरी गाडी घ्यायची आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर कटर चालवायचा. ही करून मागितलेली गाडी आमची हौस नव्हे. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना मोठे टायर आणि झगमगते दिवे लागतात, आम्हाला पाहुण्याला वाघ दिसेल अशी बैठक लागते.

ट्रकच्या बाबतीत गाडी करून घेण्याची रीत बसलेली आहे. कंपनी चेसिस देते, बॉडीवाला बॉडी बांधतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नमुना २२-अ मध्ये दोघेही आपापल्या कामाचा दाखला देतात. कोण कशाला जबाबदार, हे कागदावर असते. पूर्ण बांधून आलेली गाडी नंतर कापायची असली की ती शिस्त नाहीशी होते. शोरूम म्हणते, आम्ही गाडी विकली. बॉडीवाला म्हणतो, मला जसे सांगितले तसे कापले. आणि पासिंगच्या वेळी गिऱ्हाईक एकटाच खिडकीपुढे उभा असतो.

आता माझ्यापुरती हकिगत, थोडक्यात. एका उन्हाळ्यात, जिल्ह्याबाहेरच्या एका शोरूममध्ये मी अशी गाडी बुक केली. शोरूमचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका दुकानाची नाही. एक लाख रुपये भरले. गाडी, टप कापणे, दोन उंच बाकडी, पाईप, कॅनव्हासचा हूड, पायऱ्या, सगळे त्यांच्यामार्फतच करून मिळणार होते, ते १ ऑक्टोबरच्या आत. कोअर पावसाळ्यात तीन महिने बंद असते आणि १ ऑक्टोबरला उघडते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक होते. मी एवढेच विचारले, की पासिंगचे काय.

"भाऊ, ते आमच्यावर सोडा. होऊन जाते."

"मग लिहून द्या ना."

"लिहून काय देऊ, भाऊ? आजवर कोणाची अडकली काय?"

हा प्रश्न बिनतोड होता, कारण कोणाची अडकली हे मला माहीत असण्याचे काही कारण नव्हते. पोळा आला, गाडीचा चेसिस नंबर आला नाही. टप कापायची परवानगी कोण काढणार, मी की शोरूम, याचे उत्तर आले नाही. बँकेचा माणूस विचारू लागला की पैसे सोडू का. शेवटी मी लेखी कळवले की सौदा रद्द, माझे पैसे परत करा. तेव्हा बुकिंग फॉर्मच्या मागची बाजू मला पहिल्यांदा दाखवण्यात आली. तिथे बारीक इंग्रजीत छापले होते की बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही. वर बॉडीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स वेगळा कापणार, असे तोंडी सांगितले. बॉडीवाल्याकडे मी स्वतः गेलो. त्याच्या शेडमध्ये माझ्या गाडीचे एकही बाकडे नव्हते, असायचे कारणही नव्हते, कारण गाडीच आली नव्हती. रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस गेल्यावर पैसे मिळाले, बिनव्याजी, आणि 'माझी काही तक्रार नाही' या कागदावर सही घेऊन. माझे भागले. ज्याला नोटीस पाठवायचे सुचत नाही त्याचे भागत नाही, आणि आमच्या भागात अशांची संख्या मोठी आहे.

या व्यवहाराला कायदा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम ७४ सांगते की करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो सगळा वसूल होत नाही, वाजवी भरपाई तेवढीच मिळते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. याचा नमुना म्हणून मौला बक्ष यांचा खटला मला फार आवडतो. हा माणूस लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचा. पुरवठा चुकला म्हणून सरकारने त्याची अनामत जप्त केली. दोन करारांची मिळून १८,५०० रुपये. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारले, तुमचे नुकसान किती झाले ते दाखवा. सरकारला दाखवता आले नाही, आणि पैसे परत द्यावे लागले. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हेच सूत्र आणखी स्पष्ट झाले: नुकसानच नाही तर भरपाई कसली.

शोरूमचा वकील याला उत्तर देईल, आणि ते उत्तर पोकळ नाही. खरा इसार असेल, म्हणजे सौदा पुरा करण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, आणि मोडल्यास ती बुडेल असे स्पष्ट ठरलेले असेल, तर ती जप्त करता येते, असे २०१२ च्या सतीश बत्रा प्रकरणात न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे सगळा मामला येऊन ठेपतो तो एका प्रश्नावर: ठरले काय होते? मागच्या पानावरची बारीक इंग्रजी अक्षरे, जी गिऱ्हाइकाने वाचली नाहीत आणि कोणी वाचून दाखवली नाहीत, त्यांना ठरणे म्हणायचे का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने यात बरीच भर घातली. नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार हा 'अनुचित करार', अशी व्याख्या त्यात आली. बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली, तेव्हा बॉडीवाल्याच्या नावाने वहीच्या पानावर दिलेली कच्ची पावती ही आपोआपच कायद्याबाहेरची. गिऱ्हाईक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे शोरूम कुठेही असो, मोहर्लीच्या माणसाला चंद्रपूरचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्यावर फी नाही. पण एक मेख आहे. करारच अनुचित आहे, तो रद्द ठरवा, असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते, म्हणजे आमच्यासाठी नागपूर. एक लाखाच्या भांडणासाठी हंगाम सोडून नागपूरच्या तारखा कोण करणार?

दुसरी मेख शोरूमवाले हमखास काढतात: गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धसत्य आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑटोरिक्षा स्वतः चालवून पोट भरणाऱ्याचेच उदाहरण दिले आणि तो ग्राहक आहे असे सांगितले. स्वतःची गाडी स्वतः चालवणारा जिप्सीवाला त्याच पंगतीत बसतो. दहा गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवणारा रिसॉर्टवाला बसत नाही, आणि त्याने बसूही नये.

जीएसटीची सबबही ऐकायला मिळते. "तुमच्या बुकिंगवर टॅक्स भरून टाकला, आता तो कुठून आणू?" वस्तूंच्या विक्रीवर आगाऊ रक्कम घेतली तर त्या वेळी जीएसटी भरावा लागत नाही, ही तरतूद १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. कर बिलाच्या वेळी लागतो. बिल झाले असेल आणि व्यवहार मोडला, तर क्रेडिट नोट काढता येते. ही सबब सांगणाऱ्याला अकाउंटंट बोलवायला सांगावे, बहुधा तो जेवायला गेलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गाड्यांवरचे दर बदलले तेव्हाही हाच गोंधळ होता. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले. मधल्या आठवड्यांत बुकिंग धरून ठेवावे की मोडून पुन्हा करावे, या विचारात कित्येक गिऱ्हाईक पडले. अशा वेळी रद्द करण्याचा ठरलेला दर असता तर निर्णय पाच मिनिटांचा होता.

कर्जाची बाजू याहून नाजूक आहे. बँक पैसे गिऱ्हाइकाला देत नाही, थेट शोरूमच्या खात्यात टाकते. टाकले त्या दिवसापासून व्याज गिऱ्हाइकाच्या नावे चालू होते. गाडी बॉडीवाल्याच्या शेडमध्ये महिनाभर उभी राहिली तर तेवढा हप्ता न वापरलेल्या गाडीचा. सौदा मोडला की शोरूम रक्कम बँकेला परत करते, पण मधल्या दिवसांचे व्याज, प्रक्रिया शुल्क, आधीच काढून ठेवलेला विमा, हे कोणाच्या अंगावर? आजच्या रिवाजात गिऱ्हाइकाच्या. म्हणून टप कापून गाडी तयार होईपर्यंत बँकेने पूर्ण रक्कम सोडू नये, हे आमच्या माणसांना मी सांगत असतो. शोरूमला ते आवडत नाही.

एवढे सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिल्यावर दुसऱ्या बाजूचेही लिहिले पाहिजे. टप कापलेली गाडी बाजारात कोण घेणार? शाळामास्तर घेणार नाही, डॉक्टर घेणार नाही. ती घेणारा दुसरा जंगलवालाच, आणि त्यालाही बाकड्यांची उंची आपल्या मापाची हवी. कटर चालल्यावर गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर शोरूमचे नुकसान खरे आहे, मोठे आहे, आणि ते गिऱ्हाइकाने भरले पाहिजे. भाचा म्हणाला दुसरी गाडी घ्या, म्हणून कापलेली गाडी सोडून देणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही.

मग रेघ कुठे ओढायची, हे कठीण नाही. चेसिस नंबर लागेपर्यंत शोरूमकडे गिऱ्हाइकाच्या नावाची अशी कुठली गाडीच नसते. तोवर सौदा मोडला तर नुकसान शून्य, परतावा पूर्ण. नंबर लागला पण पत्र्याला हात लागला नाही, तर ती गाडी अजूनही कोणालाही विकता येते, फार तर काही दिवसांचा जागेचा आणि विम्याचा खर्च, तोही पावतीसकट. कटर चालला की गिऱ्हाईक बांधला गेला. वस्तू विक्री कायदा, १९३० ची दिशाही हीच आहे. माल देण्याजोगा करण्यासाठी विकणाऱ्याला अजून काही करायचे असेल, तर ते होऊन गिऱ्हाइकाला कळेपर्यंत मालकी त्याच्याकडे जात नाही. आणि शोरूमने दिलेली तारीख चुकली, किंवा पासिंग होणार नाही असे निघाले, तर कुठल्याही टप्प्यावर पूर्ण रक्कम व्याजासह परत. त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष?

हे अशक्य नाही, कारण याच राज्यात घरांच्या बाबतीत हे झाले आहे. २०२२ मध्ये महारेराने वाटपपत्राचा नमुना दिला. त्यात १५ दिवसांत घर रद्द केले तर कपात नाही, मग महिन्यापर्यंत एक टक्का, दोन महिन्यांपर्यंत दीड आणि त्यापुढे दोन टक्के, असे टप्पे छापून दिले. बिल्डर मंडळी काही त्यामुळे देशोधडीला लागली नाहीत. फ्लॅट रद्द करणाऱ्या ठाणेकराला जो कागद मिळतो, तो गाडी रद्द करणाऱ्या मोहर्लीकराला का मिळू नये?

त्याहून जुने उदाहरण हवे असेल तर नियंत्रणाच्या काळातले घ्या. मोटार आणि स्कूटरचे वाटप सरकारी आदेशांनी चालायचे तेव्हा गिऱ्हाइकाची अनामत पोस्टाच्या बचत खात्यात, त्याच्याच नावाने राहायची आणि विक्रेत्याकडे फक्त तारण असायची. स्कूटरसाठी माणसे वर्षानुवर्षे ताटकळली, त्या दिवसांचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. पण पैसा कोणाचा, याबद्दल तेव्हा संशय नव्हता. आज मोबाइलवर क्षणात पैसे जातात आणि परत यायला नोटीस लागते. मोहर्लीला बुकिंगच्या पैशांचा धाक नव्याने बसवायची गरजही नाही. ताडोबाच्या सफारी बुकिंगच्या रकमेवरून बारा कोटींहून अधिक अपहाराचा गुन्हा २०२३ साली चंद्रपुरात दाखल झाला, ते प्रकरण इथे सगळ्यांना पाठ आहे.

आपला अधिकार किती, याची मला थोडी कल्पना आहे. विक्रेत्याला व्यवसाय प्रमाणपत्र मिळते ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली, आणि त्यात आपल्या मनाने नव्या अटी घालणे आपल्याला सोपे नाही. ग्राहकांचे खातेही वेगळे. पण दोन गोष्टी आपल्या कक्षेत नक्की आहेत. एक, नमुना बुकिंग फॉर्म. एका पानाचा, मराठीत, ज्यात गाडीचा प्रकार, करून द्यायच्या कामांची यादी आणि दर, तयार गाडी देण्याची तारीख, पासिंगची जबाबदारी कोणाची, आणि कोणत्या टप्प्यावर रद्द केल्यास किती कपात, एवढे असेल. तो सक्तीचा करता येत नसेल तर शिफारस म्हणून काढा. परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर लागला तरी गिऱ्हाईक शोरूममध्ये जाऊन म्हणू शकेल, साहेबांचा फॉर्म आणला आहे, यावर सही करा.

दुसरी गोष्ट मला पहिल्यापेक्षा महत्त्वाची वाटते. पर्यटकांच्या उघड्या गाडीचा आराखडा कापण्याआधी तपासून द्या. टप कुठवर काढायचा, आधाराचे पाईप किती जाड, बाकडे किती उंच, पट्टे किती, हे एकदा ठरवून ज्याला अशी गाडी करायची त्याला लेखी 'होय' किंवा 'नाही' मिळावे. 'नाही' असेल तरी चालेल, पण ते गाडी शाबूत असताना कळू द्या. सौदे मोडतात त्यांतले किती तरी या एका अनिश्चिततेने मोडतात. पाहुण्यांच्या जिवाचाही यात प्रश्न आहे. वेल्डिंग चांगले की वाईट हे आज बॉडीवाल्याच्या सचोटीवर सोडलेले आहे, आणि त्या बाकड्यावर लहान मुले बसतात. कलम ५२ जर आडवे येत असेल तर राज्य सरकारने केंद्राकडे विचारणा करावी. हा प्रश्न एकट्या ताडोबाचा नाही. पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, बोर, सगळीकडे जुन्या जिप्सी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

तोवर ज्यांना गाडी बुक करायची आहे त्यांनी, आयुक्तांच्या परवानगीने इथेच सांगतो, पैसे बँकेतून द्यावेत, पक्की पावती घ्यावी, गाडीचे आणि बॉडीचे पैसे वेगळे लिहून घ्यावेत, तारीख आणि पासिंग दोन्ही फॉर्मवर हाताने लिहून त्यावर शोरूमचा शिक्का घ्यावा. रद्द करायचे झाल्यास फोनवर भांडू नये, लेखी कळवून पोच ठेवावी. अडले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येते.

साहेब, कोअरचे गेट १ ऑक्टोबरला उघडते आणि त्या हंगामाच्या गाड्यांची बुकिंग उन्हाळ्यातच होतात. परिपत्रक काढणार असाल तर ते एप्रिलच्या आत काढावे. पावसाळ्यात निघाले तर या वर्षीच्या गाड्या तोवर कापून झालेल्या असतील.

आपला नम्र,
एक जिप्सीमालक-चालक
मोहर्ली, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर